वेबर लावलेल्या एमजीबीला शेवटी जुळलेला डिस्ट्रिब्युटर: १२३ इग्निशन ट्यून प्लस, वर्षभर वापरून

माझी १९७२ ची एमजीबी जीटी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेतली तेव्हाच तिच्यावर कंपनीचे दोन एसयू कार्बोरेटर नव्हते, आधीच्या मालकाने ते काढून एक वेबर ४५ डीसीओई कार्बोरेटर बसवलेला, आवाज ऐकून मी तिथेच हो म्हणून टाकलं. पण सिग्नलवरून निघताना पेडल दाबलं की आधी एक खड्डा, म्हणजे क्षणभर ओढच नाही, मग कार्बोरेटरमधून उलटा फट्ट आवाज आणि त्यानंतर कुठे पिकअप. स्लो (आयडल) पण नीट बसायचं नाही, ९०० आरपीएमवर ठेवलं की दोन मिनिटांत बंद. दोन वर्षं मी जेट बदलत होतो, आयडल जेट, पंप जेट, एअर करेक्टर, डबा भरला जेटचा. रोग कार्बोरेटरमध्ये नव्हताच, डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्रत्येक प्लगला वेळेवर ठिणगी पोहोचवणाऱ्या भागात होता.

आमच्या काकांची साताऱ्यात अँबेसिडर होती, तिचं १४८९ सीसी इंजिन म्हणजे ब्रिटिश बीएमसी कंपनीच्या याच बी-सिरीजचं, माझ्या १७९८ सीसीवालीचा सख्खा भाऊच. मिस्त्री यायचे, डेल्कोचा (म्हणजे डिस्ट्रिब्युटरचा) नट ढिला करायचे, कान लावून थोडं फिरवायचे आणि सांगायचे की आधी करंट बघायचा, पेट्रोलचं नंतर. ते वाक्य मला इंग्लंडात, रेडिंगच्या गॅरेजमध्ये, दोन वर्षं उशिरा आठवलं.

आता नेमकं काय होतं ते सांगतो, कारण वेबर लावणाऱ्या बहुतेकांचं इथेच अडतं. एसयूमध्ये पिस्टन वर-खाली होतो त्यामुळे कमी आरपीएमलाही हवेचा वेग टिकतो आणि पेट्रोलचा फवारा बारीक पडतो. डीसीओईची व्हेंचुरी, म्हणजे हवा जायची अरुंद वाट, ठरलेल्या मापाची, माझ्यात ३६ मिमीची आहे, खालच्या आरपीएमला हवा तिच्यातून रेंगाळत जाते, मिश्रण जाडंभरडं होतं आणि हळू जळतं. हळू जळतं म्हणजे ठिणगी लवकर, पिस्टन वर पोचायच्या आणखी काही डिग्री आधी पडायला हवी, यालाच ॲडव्हान्स म्हणतात. माझा लुकास २५डी डिस्ट्रिब्युटर होता एसयूच्या हिशोबाचा, आयडलला अ‍ॅडव्हान्स कमी, मग गाडी चालू राहावी म्हणून थ्रॉटल स्क्रू जास्त आत घ्यावा लागायचा, त्याने थ्रॉटलची पाकळी इतकी उघडायची की प्रोग्रेशनची बारीक भोकं आधीच उघडी पडायची, आणि पेडल दाबल्यावर ज्या भोकांनी पेट्रोल द्यायचं त्यांच्याकडे द्यायला काही शिल्लकच नसायचं. तोच तो खड्डा. मिक्श्चर स्क्रू कितीही फिरवला तरी इंजिन दाद देत नसेल तर हेच समजा.

दुसरी गोष्ट व्हॅक्युमची, म्हणजे पेडल हलकं असताना इंजिनाच्या ओढीने ॲडव्हान्स वाढवणाऱ्या नळीची. माझ्या डीसीओईला व्हॅक्युमची नळी लावायला जागाच नाही, आधीच्या मालकाने नळीत स्क्रू खुपसून ठेवलेला. त्यामुळे हायवेला, जिथे पातळ मिश्रणाला जास्त अ‍ॅडव्हान्स हवा, तिथे काहीच मिळत नव्हता, पेट्रोल फुकट आणि इंजिन गरम.

आधी मी स्वस्तातला एक नवा कॉपी डिस्ट्रिब्युटर घेऊन बघितला, विकणाऱ्याचं नाव घेत नाही. आरपीएमबरोबर ॲडव्हान्स वाढवणाऱ्या वजनांच्या दोन स्प्रिंगा दोन वेगळ्या ताणाच्या, स्ट्रोब (टायमिंगची खूण बघायचा चमकता दिवा) लावला तर खूण एका जागी थांबेना. तीन आठवड्यांत मिसिंग सुरू झालं, रोटर काढून उन्हात धरला तर रिव्हेटपासून खाली शाफ्टकडे केसासारखी काळी रेघ, करंट तिथूनच पळत होता.

मग १२३ घेतला, ट्यून प्लस, डच कंपनीचा, ब्लूटूथवाला. तीनशे पौंडांच्या वर गेले, महाग आहे, पण त्याच्यात वजनं नाहीत, स्प्रिंगा नाहीत, पॉईंट आणि कंडेन्सर पण नाही, कुठल्या आरपीएमला किती अ‍ॅडव्हान्स ते फोनवर आलेख ओढून आपण ठरवायचं. बसवायला एक दुपार गेली. पहिला सिलिंडर टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर) आणा, बॉडी फिरवत जा, आतला हिरवा दिवा लागला की तिथेच घट्ट करा. माझ्या जुन्या प्लगच्या वायरी बाजूने शिरणाऱ्या होत्या, याच्या कॅपला वरून लागतात, तो खर्च वेगळा धरा. कॉइल माझी ३ ओहमची मूळचीच चालली.

खरी मजा ट्यूनिंगची. इंजिन चालू असतानाच फोनवरून एकेक डिग्री वाढवता येते, मी आयडलला १० वरून १४ वर गेलो आणि आरपीएम आपोआप चढलं, म्हणजे आता थ्रॉटल स्क्रू मागे घेता आला, पाकळी मिटली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मिक्श्चर स्क्रू पाव आटा फिरवल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक ऐकू आला! मी तिथेच उभा राहून तो स्क्रू चार वेळा मागे-पुढे केला. शेवटी माझा आलेख असा ठरला: ९०० आरपीएमला १४ डिग्री, १५०० ला २०, २५०० ला २७, ३५०० ला ३२ आणि पुढे सपाट. हा माझ्या इंजिनाचा आहे, जसाच्या तसा उचलू नका, कॅम आणि कॉम्प्रेशन वेगळं असेल तर पिंगिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारा खडखडाट) होऊन पिस्टन जाईल.

व्हॅक्युमसाठी मॅनिफोल्डला (कार्बोरेटर आणि इंजिन जोडणारा भाग) भोक पाडून नळी घेतली. इथे एक अडचण आली, या हेडला चार सिलिंडरला दोनच इनलेट पोर्ट, आणि फायरिंग ऑर्डर १-३-४-२, म्हणजे एका पोर्टमधून २ आणि १ लागोपाठ ओढतात आणि मग गॅप. फोनवर प्रेशरचा आकडा नुसता नाचत होता. नळीत १ मिमी भोकाचा पितळी तुकडा घातला, आकडा स्थिर झाला. आता हायवेला वर ८ डिग्री मिळतात, आणि तापमानाचा काटा पूर्वीपेक्षा खाली राहतो.

खटकलं ते पण लिहितो. बॉनेट बंद असताना ब्लूटूथ अधूनमधून तुटतं. रस्त्यात हा गेला तर पॉईंट घासून घरी येता येणार नाही, आतलं काही आपल्या हातात नाही. आणि गाडीवर मूळचे एसयू असतील तर एवढा खर्च करू नका, चांगल्या माणसाकडून लुकास रिबिल्ड करून घ्या, तो त्यांच्यासाठीच बनलाय. पुण्या-मुंबईत पद्मिनीला दुसरा कार्बोरेटर लावून जेटच्या मागे लागलेले असाल तर आधी एक स्ट्रोब आणा आणि आयडलला किती डिग्री आहेत ते बघा, कदाचित नुसती बॉडी फिरवून आणि वजनांचा स्टॉप बदलून काम होईल.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो ब्लूटूथसाठी. जुना लुकास साफ करून, नवीन पॉईंट घालून, टायमिंगची खूण मारून डिकीत कापडात गुंडाळून ठेवलाय.