प्रबंधासाठी काय निवडाल: सेरदान्याचं रुग्णालय की 'फोर मोटर्स'?

युरोपातल्या प्रदेशांचं सहकार्य हा विषय घेऊन एम.ए.चा प्रबंध लिहायचा, इथपर्यंत तुमचं ठरलं असेल, तर पुढचा प्रश्न हा की सीमेला सीमा लागलेले प्रदेश घ्यायचे की एकमेकांपासून लांबचे? युरोपियन युनियनचा 'इंटररेग' हा प्रादेशिक सहकार्याचा कार्यक्रम आज दोन्हींना पैसे देतो, पण अभ्यासाच्या दृष्टीने हे दोन वेगळेच विषय आहेत.

पहिल्याचं माझ्या आवडीचं उदाहरण पिरेनीज पर्वतातलं. सेरदान्या हे खोरं १६५९च्या तहात स्पेन आणि फ्रान्समध्ये वाटलं गेलं. फ्रेंच बाजूच्या लोकांना मोठ्या रुग्णालयासाठी घाट उतरून पेर्पिन्याँ गाठावं लागे. २०१४ साली स्पेनमधल्या पुचसेर्दा गावात दोघांचं मिळून एक रुग्णालय सुरू झालं. चालवण्याचा खर्च कॅटलोनिया हा स्पेनमधला प्रदेश ६० टक्के उचलतो, फ्रान्स ४०. खरी गुंतागुंत त्यानंतर सुरू होते. बूर-मादाम हे फ्रेंच गाव पुचसेर्दाला अगदी खेटून आहे. तिथली बाई बाळंत होते ती घराजवळच, पण बाळाचा जन्म परदेशात होतो. मग त्याची नोंद कुठल्या दप्तरात करायची? रुग्ण दगावला तर मृतदेह सीमेपलीकडच्या घरी न्यायलाही कागदपत्रं लागतात. आजारी माणसाच्या घरच्यांना त्या वेळी कायदा किती जड जात असेल! विमा, डॉक्टरांच्या पदव्यांची मान्यता, भाषा यांतलं प्रत्येक कलम म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण होईल.

लांबच्या प्रदेशांचं उदाहरण म्हणजे 'फोर मोटर्स', १९८८चा. बाडेन-व्युर्टेम्बर्ग (जर्मनी), लोंबार्डी (इटली), कॅटलोनिया आणि रोन-आल्प (फ्रान्स) या चार उद्योगसंपन्न प्रदेशांचा हा करार. चौघांपैकी कुणाचीच हद्द दुसऱ्याला लागत नाही. अध्यक्षपद आळीपाळीने फिरतं. संशोधन, उद्योग, शिक्षण यांवर एकत्र काम चालतं. मात्र त्यातून नेमकं काय निष्पन्न झालं, हे दाखवणं अवघड. जाहीरनामे आणि बैठकांचे वृत्तांत वाचून प्रबंध कोरडा होण्याची भीती आहे.

तरी एका परिस्थितीत मी हाच घ्या म्हणेन: महाराष्ट्राशी धागा जोडायचा असेल तर. बाडेन-व्युर्टेम्बर्गची राजधानी श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८पासून भगिनी शहरं आहेत, म्हणजे इकडचे कागदही तपासता येतील.

एरवी माझं मत सेरदान्याला. फ्रेंच किंवा स्पॅनिश कामापुरती तरी यायला हवी, आणि आठवडाभर तिथे राहून यायला हवं. सगळं रुग्णालय कवेत घेऊ नका. फक्त जन्मनोंदणीचा प्रश्न घेतलात तरी एका प्रबंधाला पुरेल.