दादरचं सोनोग्राफी सेंटर: स्कॅनच्या मॅडम भारी, काउंटर मात्र...

दादर वेस्टला स्टेशनपासून चालत जाता येईल असं सेंटर आहे, तिथे माझी क्वाड्रुपल मार्कर (रक्ताची तपासणी) आणि अ‍ॅनोमली स्कॅन (बाळाचे अवयव नीट बनलेत का बघायची सोनोग्राफी) दोन्ही झालं. नाव लिहीत नाही कारण तक्रारपण आहे. साडेतीन स्टार, तेही स्कॅनवाल्या मॅडममुळे.

आधी क्वाड्रुपल. पहिल्या तिमाहीत गावी होते, तिथे डबल मार्करची (तेव्हा करायची अशीच रक्ततपासणी) सोय नव्हती, म्हणून डॉक्टरांनी ही लिहून दिली. १५ ते २० आठवड्यांत करतात, साधं रक्त घेतात आणि त्यातलं एएफपी, एचसीजी, इस्ट्रिऑल, इनहिबिन ए ही चार द्रव्यं बघून सॉफ्टवेअर बाळाला डाऊन सिंड्रोमसारखा क्रोमोझोमचा दोष असायची रिस्क काढतं. पण त्या हिशोबात तुमचं वय, वजन, किती आठवडे झाले, डायबेटिस, जुळं, आयव्हीएफ हे सगळं धरलेलं असतं, म्हणजे फॉर्म चुकला की रिपोर्ट चुकला. आणि काउंटरवरचा मुलगा सरळ पाळीच्या तारखेवरून आठवडे टाकत होता! माझी पाळी म्हणजे पावसाळ्यातली हार्बर लाईन, पहिल्या सोनोग्राफीतच डिलिव्हरीची तारीख पुढे ढकलली होती. त्याला सांगितलं तर म्हणे मॅडम सगळ्यांचं असंच भरतो. अरे बाबा, दिवस जास्त धरले तर एएफपी कमी आणि एचसीजी जास्त वाटतं, आणि डाऊन सिंड्रोममध्येपण साधारण तसंच दिसतं, उगाच घाबरायची वेळ. शेवटी आतल्या सिनियर ताईंनी जुना रिपोर्ट बघून दुरुस्त केलं आणि वजनपण काट्यावर केलं. तुम्ही गेलात तर फॉर्म स्वतः वाचा.

दुसरी तक्रार, समजावून सांगायला कोणीच नाही. बाजूच्या मुलीचा रिपोर्ट स्क्रीन पॉझिटिव्ह (म्हणजे रिस्क जास्त) आला, ती रडायला लागली आणि काउंटरवरून उत्तर काय तर 'तुमच्या डॉक्टरांना दाखवा'. बऱ्याच लॅब १:२५० च्या आसपास कट-ऑफ धरतात, रिस्क त्याहून जास्त आली की पॉझिटिव्ह. समजा १:२०० आलं, तर तसा रिपोर्ट आलेल्या २०० जणींत एका बाळाला डाऊन असायची शक्यता, बाकी १९९ ना नाही. एवढं एक वाक्य बोलायला काय जातं? पुढे एनआयपीटी (आईच्या रक्तातला बाळाचा डीएनए बघायची तपासणी) करता येते पण तीसुद्धा स्क्रीनिंगच, पक्कं उत्तर अ‍ॅम्निओसेंटेसिसने मिळतं, म्हणजे सुईने गर्भजल काढून तपासणी.

स्कॅन मात्र एकदम मस्त. मॅडमना अजिबात घाई नव्हती, हृदयाचे कप्पे, मणका, ओठ, किडन्या एकेक दाखवत होत्या. बाळ पाठ करून बसलेलं, म्हणून म्हणाल्या जा फिरून या काहीतरी खाऊन या, मग काय दादरला आलोय तर पीयूष झालंच. स्कॅन नॉर्मल आला तरी क्रोमोझोमचं सगळं यात दिसत नाही हेपण त्यांनी स्वतःहून सांगितलं, ते आवडलं.

आधार कार्ड न्या, सोनोग्राफीच्या सरकारी फॉर्म एफवर सही लागते. एका काकूंनी हळूच 'काय आहे ते कळेल का हो' विचारलं, रिसेप्शनिस्टने नुसतं भिंतीवरच्या 'गर्भलिंग निदान केलं जात नाही' बोर्डाकडे बोट केलं 😄

अपॉइंटमेंट आधीच घ्या आणि १८ ते २० आठवड्यांतली घ्या. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० ते २४ आठवड्यांत गर्भपात ठराविक कारणांसाठीच आणि दोन डॉक्टरांच्या मताने होतो, त्यापुढे बाळात गंभीर दोष असेल तर मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं, त्यामुळे काही निघालंच तर हातात वेळ हवा. शनिवारी तुफान गर्दी, पार्किंग विसराच. रिपोर्ट संध्याकाळी मिळतो, पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर मागितली तरच पाठवतात.