जुने किटकॅट फ्यूज काढून एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडून बंद होणारे स्विच) बोर्ड बसवला, सहा महिन्यांनंतरचा रिव्ह्यू (५ पैकी ४)

आमचं साताऱ्याचं घर १९८४ चं, बोर्डही तेव्हाचाच, लाकडी फळीवर चिनी मातीचे चार किटकॅट. गिझर चालू असताना कोणी इस्त्री लावली की फ्यूज उडायचा. दोन वर्षांपूर्वी एक वायरमन येऊन काहीतरी करून गेला, म्हणाला आता उडणार नाही, आणि खरंच उडाला नाही, आम्ही खूश.

या वर्षी स्टँडजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात बोर्ड बदलायचं काम दिलं. त्यांच्या माणसाने मेन बंद करून पहिला किटकॅट ओढला आणि मलाच हाक मारून दाखवला. आत फ्यूजची तार नव्हतीच, साध्या वायरचे सहा-सात पदर पिळून घातलेले, मधली चिनी माती काळी पडलेली. मग त्याने गिझरचा पॉईंट उघडला तर वायरचं प्लास्टिक खारीसारखं हातात चुरा झालं. म्हणजे फ्यूज उडायचा बंद झाला होता तो सगळा ताप इतके दिवस भिंतीतली वायर सोसत होती!! आई त्याच भिंतीला टेकून भाजी निवडते हो, मला त्या रात्री झोप लागली नाही.

त्याने नीट समजावलं. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टला पावणेनऊ अँपियरच्या आसपास ओढतो, त्यात १००० वॅटची इस्त्री आली की १३. फ्यूजची तार मुद्दाम कमजोर ठेवलेली असते, करंट वाढला की आधी ती तापून वितळते आणि पुढे जाणारा करंट बंद होतो, ती जाड केली की मग वितळायची पाळी वायरीची. त्यात किटकॅटची तार लगेच उडतही नाही, रेटिंगच्या जवळपास दुप्पट करंट लागतो, एमसीबी दीडपटीच्या आतच तासाभरात पडतो आणि शॉर्ट झालं तर डोळ्याचं पातं लवायच्या आत.

आईने विचारलं, मग टीव्ही जळायचा नाही ना आता? तो सरळ म्हणाला, "नाही काकू, न्यूट्रल तुटून व्होल्टेज वाढलं तर हा काही करणार नाही, त्याला वेगळं यंत्र लागतं." माल खपवायचा म्हणून हो म्हणाला असता तरी आम्हाला कळलं नसतं, मला हे फार आवडलं.

काम असं झालं: गिझरला ४ स्क्वेअर मिमीची नवी वायर आणि स्वतंत्र १६ अँपियरचा एमसीबी, लाईट-पंख्याला ६ चा, किचनला वेगळा, सगळे सी टाईप, कारण फ्रीज, मोटर सुरू होताना क्षणभर जास्त ओढतात, तेवढ्याने हे पडत नाहीत. अर्थिंग तपासलं. वर ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर लीक झाला की पडणारा स्विच. तो माणसाला शॉकपासून वाचवण्यासाठी. अंगातून जाणारा करंट इतका थोडा असतो की त्याने ना फ्यूज उडत ना एमसीबी पडत, पण जीव जाऊ शकतो.

आणि चौथ्याच दिवशी हा आरसीसीबी पडला. गिझर लावला की खट्, पुन्हा लावला की खट्. मला वाटलं नवीन मालच खराब, फोन केला, तोच माणूस आला, गिझर काढून मोजला तर एलिमेंटमधून करंट लीक. किती महिने तसंच पाणी अंगावर घेत होतो देव जाणे. एलिमेंट बदललं, त्यानंतर एकदाही पडला नाही.

एक स्टार कापला कारण सांगितलेल्या दिवसापेक्षा दोन दिवस उशिरा आले, वायरसाठी भिंतीत खोदलेली झरी नीट बुजवली नाही आणि कुठला एमसीबी कशाचा ते लिहिलं नाही, मीच पट्ट्या चिकटवल्या. किटकॅट सगळे टाकले, फक्त ते पिळलेले पदर मी डबीत ठेवलेत, शेजारचे काका अजून किटकॅटच वापरतात, त्यांना दाखवले तर परवा त्यांनीही दुकानाचा नंबर मागून घेतला.