ट्रायकोडर्मा पावडर: हळदीच्या कंदकुजीवर दोन हंगामांचा अनुभव
हळदीच्या कंदकुजीसाठी मी दोन हंगाम ट्रायकोडर्माची, म्हणजे रोगकारक बुरशींना रोखणाऱ्या उपयुक्त बुरशीची, पावडर वापरली. पहिल्या वर्षी दुकानात तापलेल्या पत्र्याखाली पडून असलेला पुडा आणला आणि मे महिन्याच्या कोरड्या मातीत तसाच विस्कटला. उपयोग काहीच झाला नाही, पण त्यात दोष बुरशीचा नव्हता, कारण ती सजीव असते आणि तिला ओल, सेंद्रिय खाद्य व साधारण 25 ते 30 अंश सेल्सिअस तापमान लागते.

दुसऱ्या वर्षी मुदत पाहून ताजा पुडा घेतला आणि चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवला. काही दिवसांनी गोणपाट उचलले, तेव्हा खतावर हिरवट थर धरला होता आणि ओल्या खोबऱ्यासारखा वास येत होता. हे खत पाऊस स्थिरावल्यावर दिले आणि कंदकूज बरीच कमी आढळली. सखल कोपऱ्यात मात्र गड्डे कुजलेच, कारण साचलेल्या पाण्यात कंदकूज घडवणाऱ्या पिथियम या रोगजंतूचे बीजाणू पोहत पसरतात आणि ट्रायकोडर्माला पुरेशी हवा मिळत नाही.

निचऱ्याच्या जमिनीसाठी ही पावडर मी निःशंक सुचवेन. पुड्यावर साठवणुकीचे तापमान मात्र ठळक अक्षरांत छापायलाच हवे.