गावी जायला तिकिटाचे पैसे मागणारं कुटुंब, पुणेकरांनो जरा वाचा

मी मूळचा परभणी जिल्ह्यातला, नोकरीला पुण्यात. मागच्या महिन्यात संध्याकाळी कोथरूडमध्ये एक माणूस जवळ आला, सोबत बायको, म्हातारी आई, दोन लेकरं आणि एक गाठोडं. "दादा, मुकादमानं पैसे बुडवले, दोन दिवसापासून फिरायलोत, लेकरं उपाशी हायेत, परभणीला जायचंय." आता परदेशात... म्हणजे पुण्यात आपली बोली कानावर पडली की कसं होतं ते आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको. शेजारपाजारचे ऊसतोडीला, बांधकामावर जाताना आणि खरंच रिकाम्या हाताने परत येताना मी लहानपणापासून बघितलेत, त्यामुळे शंका घ्यायचं मनातच आलं नाही. लेकरांना वडापाव आणि बिस्किटं घेऊन दिली, माणशी सहाशे धरून पाच जणांचे तीन हजार एटीएममधून काढून त्याच्या हातात दिले.

घरी येऊन आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, अरे एसटीला बायांना अर्धं तिकीट असतंय की. आणि खरंच, मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं भाडं आहे, पंचाहत्तरीच्या पुढे तर फुकट, लहान लेकरांनाही अर्धं. पाच फुल तिकिटं कशी झाली? शिवाय परभणीच्या गाड्या वाकडेवाडीवरून सुटतात आणि हा मला सांगत होता की स्वारगेटला जाऊन बसतो. माझीच आई दर दिवाळीला त्या गाडीने येते आणि मला हे तेव्हा सुचू नये याचा फार त्रास झाला.

पंधरा दिवसांनी तेच कुटुंब कर्वे पुतळ्याजवळ, तेच गाठोडं, यावेळी गाव वाशिम. त्याने मला ओळखलं नाही पण धाकट्या पोराने ओळखलं, बिस्किटवाला काका म्हणून हसला. मी विचारलं, परभणीला गेला नाहीत का? तर तो पोराचं मनगट धरून ओढतच रस्ता ओलांडून गेला.

पैशाचं दुःख आहेच, पण संताप याचा की उद्या खरोखर मुकादमाने फसवलेला माणूस उभा राहिला तर त्याला कोण विचारणार? म्हणून मदत बंद करू नका, फक्त कॅश हातात देऊ नका. जेवण द्या, वाकडेवाडीला नेऊन गाडीत बसवा आणि तिकिटाचे पैसे कंडक्टरकडे द्या. ज्याला खरंच जायचंय तो येतो, बाकीचे लगेच कारणं सांगायला लागतात.

आणि लेकरांना पुढे करून भीक मागायला लावणं हा गुन्हा आहे, बाल न्याय कायद्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मी त्याच वेळी १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन करायला हवा होता, केला तो घरी गेल्यावर, तोवर ते कुठे गेले काय माहीत. तुम्हाला दिसले तर तिथूनच फोन करा, जागा नीट सांगा. तो पोरगा सहा-सात वर्षांचा असेल, शाळेत असायचं वय आहे त्याचं.