उलीसाठी काय घ्यावं: ताजा रस, जाग्वा जेल की पांढरा फेस पेंट?

नायजेरियाच्या आग्नेय भागातल्या इग्बो बायका परंपरेनं अंगावर जी रेघांची नक्षी काढत आल्या, ती उली. साधारण ऑगस्टपासून गावोगावी इरी जी, म्हणजे याम या कंदाच्या नव्या पिकाचा सण सुरू होतो आणि ऑक्टोबरमध्ये ओनित्शा शहरातला ओफाला हा राजाचा उत्सव येतो. या दिवसांत उलीच्या नावाखाली तीन वेगळ्याच गोष्टी मिळतात.

पहिला अर्थातच ताजा रस. रॉथमानिया किंवा क्रेमास्पोरा या झाडांची फळं ठेचून तो पिळतात. लावताना रस जवळजवळ बेरंग असतो. रेघ दिसावी म्हणून त्यात थोडी कोळशाची पूड घालतात. खरा निळसर काळा रंग काही तासांनी चढतो, पक्का व्हायला रात्र जाते. म्हणून सणाच्या सकाळी काढून घेतलेली उली मिरवणुकीत फिकीच दिसते. आदल्या संध्याकाळीच बसावं. त्याआधी साबणानं अंग धुऊन पूर्ण कोरडं करावं, तेल किंवा क्रीम अजिबात नको. तेलकट कातडीवर रस ओघळतो आणि रेघ फुटते. नीट बसलेला रंग साधारण आठवडाभर टिकतो. तोटा एकच, पण मोठा: रस साठवून ठेवता येत नाही. हवा लागली की तो भांड्यातच काळवंडतो.

जाग्वा जेल दक्षिण अमेरिकेतल्या जेनिपा फळाचं, म्हणजे उलीच्या झाडांच्याच रुबिएसी कुळातलं. त्यातलं जेनिपिन कातडीतल्या प्रथिनांशी जुळून निळं-काळं होतं. दोन ते चार तास ठेवून धुवायचं. पूर्ण रंग एक-दोन दिवसांत येतो. फळं मिळत नसतील तर बिनधास्त हेच घ्या. मात्र मेंदीसारख्या कोनातून येणारी धार सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची राहते. लाकडाच्या बारीक काडीनं किंवा सुरीच्या टोकानं ओढलेली उलीची रेघ शेवटी निमुळती होत जाते आणि सगळी जान तिथेच असते. जेल थोडं काचेवर काढून काडीनं उचललं, तर हा दोष बराच झाकतो.

पांढरा फेस पेंट नाचाच्या फोटोंत उठून दिसतो, पण घामानं तडकतो आणि त्याच संध्याकाळी धुतला जातो. इग्बोंमध्ये पांढऱ्या खडूची, न्झूची, परंपरा आहेच. तिला स्वतःचा मान आहे. पण पेंटच्या ठिपक्यांना उली म्हणून पैसे घेणं पटत नाही.

साहित्याहून हात महत्त्वाचा. कारागीर निवडताना तिचं मोकळ्या जागेचं भान बघा. मेंदीसारखा हात भरून टाकणारी उली फसलेली समजावी. अग्वोलाग्वो (वेटोळं) किंवा इसी न्वोजी (कोलाफळाच्या पाकळ्या) अशी एखादी खूण खांद्यावर किंवा मानेवर एका बाजूला येते, बाकी कातडी रिकामी राहते, आणि त्या रिकामेपणामुळेच रेघ वळताना दिसते. चित्रकार उचे ओकेके यांनी हीच शिस्त कागदावर आणली आणि 1970 नंतर न्सुक्का विद्यापीठात शिकवली. नमुन्यांच्या वहीत न्सिबिदीची चिन्हं उली म्हणून दाखवत असतील, तर समोरच्याचा अभ्यास कच्चा आहे; न्सिबिदी ही क्रॉस रिव्हर भागातली, एक्पे या गुप्त मंडळाशी जोडलेली चिन्हलिपी, तिचा वापर वेगळा.

अर्ध्या तासात गडद काळा रंग देतो म्हणणाऱ्याकडून मात्र उठून यावं. त्यात बहुधा केसांच्या कलपातलं पीपीडी हे रसायन असतं. त्यानं फोड येतात, व्रण राहू शकतात. रस आणि जेलचाही ठिपका एक दिवस आधी कोपराच्या आत लावून पाहावा.