उलटी बाजू बघितली होती हो मी! काश्मिरी स्टोल आणि माझे १४,५०० रुपये

सरळ आकडाच सांगते, १४,५०० गेले. वाशीत एका हॉलमध्ये तीन दिवसांचं हस्तकला प्रदर्शन लागलं होतं, शेवटच्या रविवारी संध्याकाळी गेले आणि फसले. वर लाज अशी की मी स्वतः तीस वर्षं भरतकाम करते, सोसायटीतल्या पोरींना टाके शिकवते, त्यामुळे घरात आता कोणी काही बोललं तरी मी गप्प.

विहीणबाईंच्या साठीला द्यायचा होता. राखाडी लोकरीचा स्टोल, दोन्ही पदरांवर सोझनीचं काम, कैऱ्या आणि चिनारची पानं. सोझन म्हणजे सुई. नक्काश लाकडी ठशाने कापडावर नक्षी उठवतो आणि मग कारागीर बारीक सुईने एकेक टाका घालत बसतो, नुसत्या काठाला महिने जातात. आरीचं काम वेगळं, ते हुकाने साखळी टाका घालून भराभर होतं, म्हणून स्वस्त. आणि मशीनचं काम पकडायचं ते मागून. हाताच्या कामात मागेही फुलाचा तोच रंग दिसतो, टाके जरा उन्नीस-बीस असतात, मशीनच्या मागे बॉबिनचा एकच दोरा, बहुतेक वेळा पांढरा. हे सगळं मला ठाऊक होतं! मी चष्मा लावून स्टोल उलटा करून बघितला होता आणि ते काम अस्सल होतं, आजही शपथेवर सांगेन.

स्टॉलवाल्याने भाव सांगितला २२,०००, मी १४,५०० वर आणला. तो प्युअर पश्मिना म्हणत होता त्यावर माझा विश्वास नव्हताच, लडाखच्या बकरीची ती लोकर हाताने कातून विणून वर सोझनी केलेली या भावात येत नाही एवढं कळतं मला, मी साधी लोकर समजूनच कामाचे पैसे देत होते. म्हणजे अगदीच हावरटपणा केला असंही नाही.

आता ती चार मिनिटं. "मॅडम, प्रेस करके बॉक्स में देता हूँ," म्हणत तो स्टोल घेऊन पडद्यामागे गेला आणि मी बावळटासारखी बाहेर उभी राहून यूपीआयचा पिन टाकत होते. स्क्रीनवर नाव आलं कुठल्यातरी बाईचं, विचारलं तर म्हणे बायकोचं अकाउंट आहे. आणि बॉक्स आला तो चारी बाजूंनी सेलोटेप मारलेला, कसर लागू नये म्हणून औषध टाकलंय, देताना उघडा. अगं बाई, नवीन लोकरीच्या कपड्याला चार दिवसांत कसर कुठून लागणार? पण मागे रांग होती, माझी रिक्षा खाली थांबली होती, आणि समोरच्यावर संशय घेतोय असं वाटायला नको म्हणून मी टेप काढली नाही. माझा हा भिडस्तपणा १४,५०० चा!

आठ दिवसांनी ठाण्याहून जाऊबाई आल्या, हौसेने बॉक्स उघडला. "ताई, मागे हा पांढरा दोरा कसला हो?" बस. तोच रंग, तशाच कैऱ्या, पण सगळं मशीनचं. गोंड्याचा एक धागा जाळून बघितला, लोकर असती तर केस जळल्यासारखा वास आला असता, इथे प्लास्टिकसारखी कडक गोळी झाली.

मग सुरू झाली वरात. हॉलवाले म्हणाले आम्ही फक्त जागा भाड्याने देतो. आयोजकाचा नंबर बंद. बँकेत म्हणाले पिन तुम्हीच टाकलात, हा फ्रॉड नाही, व्यवहार आहे. पोलीस चौकीत दीड तास बाकावर बसवलं, मग एक साहेब म्हणाले, "शाल बदलली याला पुरावा काय? दिवाणी मामला आहे, ग्राहक आयोगात जा." दुसऱ्या दिवशी परत गेले तर कालचे साहेब बंदोबस्तावर, नव्याने सगळं सांगा, आणि मागून एकाचा शेरा, एवढी महागाची शाल मुंबईच्या गर्मीत कशाला हवी होती. का हो, फसवणुकीची तक्रार घ्यायला माझी गरज तपासणार तुम्ही? अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का मारणारा जेवायला गेलाय. ग्राहक आयोगात जाईनही, पण समोरच्या पार्टीचा पत्ता लागतो आणि माझ्याकडे आहे कच्चं बिल, नुसता रबरी शिक्का.

म्हणून सांगते, वस्तू नजरेआड जाऊ देऊ नका, इस्त्री घरी होते. टेप तिथेच फाडा आणि परत उलटी बाजू बघा. अंगठीतून काढून दाखवतात त्याला भुलू नका, पातळ व्हिस्कोसही अंगठीतून निघतं. पश्मिना म्हणून विकत असेल तर जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं, लेबल मागा, काश्मीर पश्मिनाला ते २००८ पासून आहे. जीएसटी नंबर असलेलं पक्कं बिल घ्या, नंबर पोर्टलवर टाकून बघता येतो. निवडलेल्या पीसचा मागून पुढून फोटो काढा, माझ्याकडे असता तर साहेबांच्या तोंडावर मारला असता. ग्राहक हेल्पलाइन १९१५, पैशाची ऑनलाइन फसवणूक असेल तर १९३०, आणि फोन लगेच करा, माझ्यासारखे आठ दिवस बॉक्स कपाटात ठेवून नाही.

विहीणबाईंना शेवटी पैठणीची पर्स दिली. आणि काल ऐरोलीला स्टेशनबाहेर बॅनर बघितला, तीन दिवस, हस्तकला प्रदर्शन, कोपऱ्यात राखाडी स्टोलचा फोटो, त्याच कैऱ्या. शनिवारी मी जाणार आहे, जाऊबाईंना घेऊन.